परबकाकांची मुदत

आमच्या दहिसरच्या सोसायटीत बाकीचे लोक गच्चीवर मिरच्या वाळत घालतात. माझ्या समोरच्या दारातले परबकाका विम्याच्या पॉलिस्या वाळत घालतात. वर्षातून एकदा पिठाच्या डब्यातून नऊच्या नऊ बाहेर काढायच्या, प्रत्येकीवर चमचा ठेवायचा आणि स्टूल टाकून कावळे हाकत बसायचं. "कागदाला कसर लागली की मरूनसुद्धा उपयोग नाही," असं त्यांचं म्हणणं.

नऊ झाल्या, कारण नाही म्हणणं त्यांना जमलंच नाही. भाचा, चुलतभाऊ, काकींच्या भजनी मंडळातल्या बाई, ज्यानं फॉर्म पुढे केला त्याच्याकडून काकांनी पॉलिसी घेतली. आता काकी नाहीत, मूलबाळ नाही. हे पैसे कुणासाठी, असं विचारलं की म्हणायचे, "बघू रे. मुदत आसा मरे!" वीजबिल असो की दाढदुखी, त्यांच्या मालवणीत उत्तर हेच, अजून मुदत आहे.

यंदा डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली. पेन्शनमध्ये नऊ हप्ते झेपेनात, म्हणून मी डबा घेऊन बसलो.

"काका, आयुर्विम्याच्या आठही बंद करा. आरोग्याची एवढी ठेवा. ऑपरेशन हिच्यावरच होणार आहे."

काकांनी एकेकीला हात लावून निरोप दिला. भाच्याच्या पॉलिसीला जरा जास्तच वेळ लागला. नववी त्यांनी कपाळाला लावली.

"हिचा हप्ता आजच भरा."

"भरतो ना. तारखेनंतर तीस दिवस देतात. मुदत आसा मरे!"

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, गाढवपणा माझाच. महिन्याभरानं हॉस्पिटलात कार्ड दाखवलं, तर पॉलिसी बंद. चारच दिवसांपूर्वी तीस दिवस संपले होते. नवी काढली तरी या दुखण्याला पहिली तीन वर्षं पैसे मिळणार नव्हते. झडप काही तीन वर्षं थांबणार नव्हती.

मी तिथल्या बाकावरच भडकलो. "काका, खात्यात पैसे होते ना? कंपनीनं फोन नाही केला?"

"केला ना, रोज. पण मशीन बोलायचं. मी कट करायचो."

"अहो, पण का?"

काका चपलेकडे बघत राहिले. "दर वर्षी शिल्पा करते, कंपनीतली. मी हप्ता मुद्दाम लांबवतो, मग ती चार-पाचदा करते. काका जेवलात का, गोळ्या घेता ना, असं विचारते. एकदा भरला की वर्षभर कोण विचारतंय? तिचो फोन येतलो म्हणान थांबलंय रे."

समोरासमोर दारं, आणि मी त्यांना कधी जेवलात का म्हणून विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांच्या हातातली रिपोर्टची पिशवी घेतली.

लिफ्टपाशी काका थांबले.

"पाच वर्षांत एकदा चुकली नाही रे ती. बरी असेल ना? तिनं स्वतःचा विमा काढलाय की नाही, तेवढं विचारायचं राहून गेलं."