सतरा घरांची धडधड

वडीगोद्रीच्या आबारावांच्या छातीत पहिल्यांदा धडधडलं तेव्हा ते जेवायला बसले होते. तोंडातला घास चावायचा थांबवून, कुणी दार वाजवतंय की काय म्हणून त्यांनी दाराकडं पाहिलं. दार सताड उघडं होतं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की वाजतंय ते आत.

"काय झालं हो?" साखराबाईंनी विचारलं.

"काई न्हाई. भाकर वाढ."

'काई न्हाई' म्हणजे काहीतरी आहे आणि 'भाकर वाढ' म्हणजे बरंच आहे, एवढं साखराबाईंना पंचवीस वर्षांच्या संसारात कळायला लागलं होतं. त्या चुलीपुढून उठल्या आणि सरळ नवऱ्याच्या छातीला कान लावून बसल्या.

"अगं माय! ही त पिठाची गिरणी चालू हाय!"

"हळू बोल. भिंतीला कान असतात."

"भिंतीला असतात, तसे डॉक्टरलाबी असतात. उद्याच जा त्याच्याकडं."

"लग्न लागू दे, मंग बघू."

"लग्नाला तुम्ही ऱ्हायला पाह्यजेत न!"

आबारावांनी भाकर मोडली. थोरली लेक इंद्रायणी हिचं लग्न अठरा दिवसांवर आलं होतं. पंचाहत्तर सालचा वैशाख. मुलगा जाफराबादचा, धुळाजींचा धर्मराज. शिकलेला, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे इंद्रायणीला मनापासून पसंत. याआधी तिची एक सोयरीक सुपारी फुटल्यावर मोडली होती, आणि ती कशावरून, तर आबारावांच्या मोठ्या भावाला दमा होता. 'घराण्यात दमा हाय' एवढ्या तीन शब्दांवर पाहुणे पाटावरून उठून गेले होते. त्यानंतर पोरगी आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती. आता दम्यावर काळजाचा आजार निघाला असता, तर जाफराबादकरांनी पाटावर बसायचेसुद्धा कष्ट घेतले नसते. त्यामुळं आबारावांना दोन भीती होत्या. आपण मरू ही एक, आणि मरायच्या आधी व्याह्यांना कळेल ही दुसरी. दुसरी जास्त मोठी होती.

म्हणून डॉक्टरकडं जाणं लांबत गेलं. सोमवारी उपास होता, मंगळवारी मंडपवाला येणार होता, बुधवारी दिशाशूल निघाला. धडधड मात्र वार बघत नव्हती. आबाराव दिवसभर आवतणं देत फिरायचे, घरोघर बसायचे, मान घ्यायचे, चहा घ्यायचे, आणि दिवेलागणीला घरी येऊन हात छातीवर ठेवून पडायचे. शेवटी साखराबाईंनी फर्मावलं, "उद्या गेला न्हाईत त मी सोता जाते जाफराबादला अन् इहिणीला सांगते." मग मात्र आबाराव निघाले.

पण कुठं जायचं? गावात दाखवलं तर संध्याकाळपर्यंत पारावर. अंबडला दाखवावं तर तिथं धुळाजींची बहीण दिलेली. राहता राहिलं जालना. मस्तगडात एका तरुण डॉक्टरनं नवा दवाखाना टाकलाय असं आबारावांनी एसटीत ऐकलं होतं. नवा म्हणजे त्याला कुणी ओळखत नसणार, आणि तोही कुणाला ओळखत नसणार. हाच डॉक्टर बरा, असं त्यांनी ठरवलं. पत्रिकांची पिशवी बगलेत मारली, वाटेत अंबडला चार आवतणं दिली, जालन्याला उतरून आणखी तीन दिली आणि इकडंतिकडं बघत दवाखान्यात शिरले.

कंपाउंडर वही घेऊन बसला होता. "नाव?"

आबारावांनी इकडंतिकडं पाहिलं. "रामराव."

"तक्रार?"

"छातीत..." ते वाकून कुजबुजले, "धडधड होऊन राह्यली."

"आणखी एक धडधड," कंपाउंडर मोठ्यानं म्हणाला आणि वहीत लिहिलं. "बसा बाकावर."

बाकावर एक गृहस्थ तोंडावर उपरणं ओढून बसले होते. आबाराव त्यांच्या शेजारी टेकले. दवाखान्यात पंखा नव्हता आणि ऊन मी म्हणत होतं. दहा मिनिटांनी त्या गृहस्थांनी घाम पुसायला उपरणं बाजूला केलं, आणि आबारावांच्या आतली गिरणी एकदम दुप्पट वेगानं सुरू झाली. शेजारी धुळाजी होते. व्याही.

"रामराम व्याही!" धुळाजी ताडकन उभे राहिले.

"रामराम रामराम! बसा बसा, तुम्ही बसा!" आबारावही उभे राहिले.

मुलीच्या बापानं व्याह्याआधी बसायचं नाही, आणि व्याही तर बसेनात. असे दोघं बराच वेळ एकमेकांना बसवत उभे राहिले. शेवटी बाकी पेशंट ओरडले तेव्हा दोघं एकाच वेळी बसले.

"खरेदी कशी काय?" धुळाजींनी विचारलं.

"चालू हाय. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं बी चालू हाय."

'तुम्ही इथं कसे?' हा प्रश्न मात्र दोघांपैकी एकानंही विचारला नाही, कारण विचारलं की सांगावं लागतं. दवाखान्याचा बाक म्हणजे जणू चावडीचा ओटाच आहे, अशा थाटात दोघं वाजंत्र्यांबद्दल बोलत राहिले.

तेवढ्यात कंपाउंडरनं पुकारा केला. "भिवा! चला, भिवा कोण?"

कुणी उठलं नाही. धुळाजी छताकडं बघत होते.

"बरं, रामराव! रामराव!"

आता आबारावही छताकडं बघायला लागले. छतावर एक पाल होती. दोघांनी तिच्याकडं फार मन लावून पाहिलं.

"कमाल आहे," कंपाउंडर बाहेर आला. "दोघंही धडधडवाले कुठं गेले?" मग त्याची नजर आबारावांवर थांबली. "अहो, तुम्हीच ना रामराव?"

"मी? छे छे! बिलकुल न्हाई!" आबारावांना काही सुचेना. हाताला पिशवी लागली. "मी त पत्रिका द्यायला आलो. डॉक्टरसाहेबाला. पोरीच्या लग्नाची."

"बराबर!" धुळाजींनी बुडत्याला काडी मिळावी तशी ती सबब पकडली. "मीबी त्याच्याचसाठी आलो. पोराच्या लग्नाची."

"मग पेशंटांत कशाला बसलात? आधी सांगायचं नाही का!" कंपाउंडर ओशाळला. तपासायला उशीर चालतो, आवतणाला चालत नाही. त्यानं दोघांना रांग मोडून आत नेऊन सोडलं.

डॉक्टर तिशीच्या आतलेच होते. आबारावांनी हळदीची बोटं लावलेली पत्रिका अक्षतांसह त्यांच्या हाती दिली आणि नमस्कार केला. डॉक्टर ती वाचत असतानाच धुळाजींनी दुसरी पत्रिका पुढं केली. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी शेजारी धरल्या.

"दोन्ही एकाच लग्नाच्या?"

"एक नवरीकडून," आबाराव म्हणाले.

"एक नवरदेवाकडून," धुळाजी म्हणाले.

डॉक्टर व्याह्यांच्या चांगल्याच ओळखीचे दिसतात, असं आबारावांना वाटलं. धुळाजींनाही तेच वाटलं. डॉक्टर दोघांचे चेहरे आठवायचा प्रयत्न करत होते. आठवेनात, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला.

"जालन्यात येऊन मला आठ महिने झाले," ते हळूच म्हणाले. "नात्याचं इथं कुणी नाही. हे पहिलं आवतण. आणि तेही दोन्हीकडून! मी नक्की येणार." त्यांनी दोन्ही पत्रिका टेबलावरच्या काचेखाली जपून सरकवल्या. "अहो, तीन चहा सांगा! स्पेशल!"

त्या पोराचं तोंड बघून आबारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा माणसाचा चहा नाकारायचा कसा? आणि आवतण दिलेल्या घरचा चहा तर नाकारताच येत नाही. न पिता उठलं, की 'आमच्या घरचं चालत न्हाई का?' हे ठरलेलंच. चहा आला. चमचा उभा राहील असा गोड आणि काळाकुट्ट. दोघांनी तो बशीत ओतून प्याला.

चारपाच मिनिटांत आबारावांचा हात आपोआप छातीकडं गेला. व्याह्यांना दिसू नये म्हणून त्यांनी खिशात काहीतरी शोधायचं सोंग घेतलं. बघतात तर धुळाजीही खिशात काहीतरी शोधत होते. दोघांच्याही कपाळावर घाम.

"काय हरवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई न्हाई," आबाराव म्हणाले आणि टेबलाला धरून खुर्चीत मागं रेलले. डॉक्टरांनी झटकन त्यांचं मनगट पकडलं आणि घड्याळाकडं पाहिलं.

"एकशे वीस!"

"व्याही!" धुळाजी घाबरून उठले, आणि उठले तसेच डुलले. डॉक्टरांनी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. पुन्हा घड्याळ. "तुमचे एकशे अठ्ठावीस!"

तशा अवस्थेतही आबारावांना बरं वाटलं. वरपक्षाचे आठ जास्त असणं रीतीला धरूनच होतं.

मग डॉक्टरांनी एकेकाला टेबलावर आडवं घेतलं. छाती ऐकली, पाठ ऐकली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, तारा लावून काळजाची पट्टी काढली. दुखतं का, दम लागतो का, चक्कर येते का, असं सगळं विचारलं. प्रत्येक प्रश्नाला दोघं मिळून 'न्हाई' म्हणत होते.

"चहा किती कप होतो दिवसाला?"

"कप मोजले न्हाई साहेब," आबाराव म्हणाले. "घरं मोजली."

"मग घरं किती?"

"काल सतरा झाली."

डॉक्टरांनी धुळाजींकडं पाहिलं.

"एकोणीस," धुळाजी खाली मान घालून म्हणाले. "अन् लग्नघरचा माणूस आला म्हनून समदे दुप्पट पत्ती टाकून राह्यले."

डॉक्टर खुर्चीत बसले आणि पोट धरून हसायला लागले. "अहो, काळीज ठणठणीत आहे दोघांचं! सतरा घरचा चहा प्यायल्यावर बैलाचंही धडधडेल. आजपासून चहा बंद. आठ दिवसांत गेलं नाही तर परत या. आणि छातीत दुखलं, दम लागला, भोवळ आली, तर त्याच घटकेला निघायचं. उपास, दिशाशूल काही बघायचं नाही."

'दिशाशूल' ह्यांना कसं कळलं, असं आबारावांना वाटलं. पण त्याहून मोठी गोष्ट अजून खोलीत उभी होती. दोघं व्याही एकमेकांसमोर होते, आणि आता झाकायला काही उरलं नव्हतं.

"व्याही," आबारावांनी हात जोडले, "सोयरीक मोडू नका. पोरगी लई जीव लावून बसलीय."

"मी मोडतो?" धुळाजी थक्क झाले. "म्या आठ दिवस झोपलो न्हाई! म्हनलं, ह्यांना कळालं त म्हनतील, सासराच उद्या खपनार, पोरगी कशाला द्यायची?"

"अन् मी म्हनून राह्यलो, तुम्ही पोरगी करनार न्हाई!"

"तुम्हीच रामराव का मंग?"

"अन् तुम्ही भिवा!"

दोघं इतके हसले, की डॉक्टरांना पुन्हा मनगटं धरावी लागली. आबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी व्याह्यांना कडकडून मिठी मारली. किती दिवसांत त्यांना एवढं हलकं वाटलं नव्हतं.

उरलेल्या घरांचा प्रश्न धुळाजींनी सोडवला. चहाला नाही म्हणायचं तर कारण पाहिजे, आणि खरं कारण तर सांगायचं नाही. "खंडोबाला बोललो म्हनायचं. अक्षता पडेपर्यंत चहा सोडला. नवसाच्या आड कोनी येत न्हाई." आणि ते खरंच झालं. कपबशी बघून आबाराव नुसते कानाला हात लावायचे आणि घरचा माणूस उलट त्यांच्याच पाया पडायचा. देवाच्या नावावर खोटं नको म्हणून एक दिवस त्यांनी देवळात जाऊन तो नवस खरोखरच बोलून टाकला. सहाव्या दिवशी धडधड गेली.

लग्नाच्या दिवशी डॉक्टर आले. नवा शर्ट घालून, नवरीसाठी पातळ घेऊन, रणरणत्या उन्हात एसटीनं आले. आता हे कोण, असं जो तो विचारायला लागला, आणि पंचाईत झाली. आबाराव म्हणाले, "नवरदेवाकडचे हायेत." धुळाजी म्हणाले, "नवरीकडचे." त्यामुळं नवरीकडच्यांना वाटलं, वरपक्षाचा कुणी बडा पाहुणा आहे, याचं काही कमी पडता कामा नये. वरपक्षाला वाटलं, मुलीकडचा कुणी साहेब दिसतो, आपण मागं राहता कामा नये. दोन्हीकडून फेटे बांधले गेले आणि दोन्हीकडून चहा सुरू झाला.

डॉक्टर 'नको' म्हणाले. "आमच्या घरचं चालत न्हाई का?" नवरीच्या मामानं विचारलं. डॉक्टरांनी घेतला. वरमामांनी तेच विचारलं. तोही घेतला. असं दुपारपर्यंत चाललं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, इंद्रायणी लाजून हसली आणि आबारावांनी डोळे पुसले. त्यावेळी मंडपाच्या एका बाजूनं साखराबाई आणि दुसऱ्या बाजूनं धुळाजींच्या चांगुणाबाई, हातात एकेक कपबशी घेऊन डॉक्टरांपुढं उभ्या राहिल्या. या दोघींना मात्र डॉक्टर कोण ते पक्कं ठाऊक होतं.

"तुमच्यामुळं आमचं कुकू हाय, दादा," साखराबाई म्हणाल्या. "माझ्या हातचा घ्याच."

"अन् माझ्या हातचा," चांगुणाबाई म्हणाल्या.

असे दोन कप कोण परत करील? डॉक्टरांनी दोन्ही घेतले.

पंगती उठल्यावर आबारावांना डॉक्टर दिसेनात. शोधता शोधता ते आणि धुळाजी मंडपामागं आले, तर डॉक्टर दोन्ही फेटे मांडीवर ठेवून पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. उजव्या हातात त्यांनी स्वतःचंच डावं मनगट धरलं होतं, नजर घड्याळावर होती आणि ओठ हलत होते.

"किती भरले साहेब?" आबारावांनी हळूच विचारलं.

"एकशे बत्तीस," डॉक्टर म्हणाले.

धुळाजींनी आबारावांकडं पाहिलं. "व्याही, हे त आपल्या दोघांच्या वर गेले की."

"जानारच," आबाराव म्हणाले. "दोन्हीकडचे पाहुणे हायेत ते."