खांबेट्यांचा शनिवार

सामन्याच्या दिवशी खांबेटे आमच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत.

सिंगापुरात यिशुनला आमची दारं समोरासमोर. हा एकटा माणूस आठवडाभर बँकेत आणि शनिवारी शाळांच्या फुटबॉल सामन्यांत रेफ्री. मी निवृत्त होऊन घरी बसलो, तेव्हा त्यांनीच मला शिकवून लाइनमन केलं. माझी सून एका शाळेत शिक्षिका, म्हणून शनिवारी आमच्या खिचडीलाही बंदी.

"अहो, तिची शाळा आज खेळतच नाही!" बायको बशी धरून म्हणे.

"पुढच्या महिन्यात खेळेल, वहिनी."

"साबुदाणा आहे हो नुसता."

"पक्षपात साबुदाण्यापासूनच सुरू होतो."

जुरोंग ईस्टला जाताना एमआरटीच्या डब्यात शाळेचा गणवेश दिसला की हे मला ओढून खाली उतरवत. का, तर ओळख वाढते! एकदा अशा तीन गाड्या सोडल्या. सामना सुरू होईपर्यंत मैदानावर ते दोन्ही संघांकडे पाठ करून बसत. एका सुंदर गोलला मी नुसता हसलो, तर मध्यंतरात धावत आले. "कर्णिक, दात दिसले."

आता पुढचं. हे खांबेटे हयात असतानाच सांगायला हवं होतं.

उपांत्य सामना होता. बरोबरी, शेवटची मिनिटं. माझा चष्मा घामानं धूसर झाला म्हणून मी तो पुसत होतो. डोळ्यांवर चढवेपर्यंत चेंडू जाळ्यात गेलेला. गोल खाल्लेली पोरं हात वर करून "ऑफसाइड!" ओरडत होती. मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांचं पाहून मीही निशाण वर केलं.

खांबेटे धावत आले. "नीट पाहिलंत?"

"पाहिलं."

त्यांनी गोल रद्द केला. "रेफ, ऑफसाइड व्हेअर गॉट?" ऑफसाइड होताच कुठे, म्हणत गोल मारणारा पोरगा गुडघ्यांवर बसला. त्याचा संघ पेनल्टीवर हरला.

कुणा पालकानं चित्रण केलं होतं. गोल स्वच्छ होता. आयोजकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत खांबेटे म्हणाले, "निर्णय रेफ्रीचा असतो. लाइनमनला विचारायचं कारण नाही." मी उघडू पाहत होतो ते तोंड मिटलं. त्यांना सामने देणं बंद झालं. मला ठेवलं, तेही त्यांच्याच शिफारशीवरून.

त्यानंतर दर शनिवारी मी परत येई तेव्हा ते आमच्या इमारतीखालच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्यासाठी इथे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात ती कॉफी घेऊन बसलेले असत. मैदान ओलं होतं का, वाद झाला का, सगळं विचारत. शेवटी हमखास, "तो पोरगा दिसला का? दिसला तर माझ्या वतीनं सॉरी म्हणा. मी चुकलो म्हणावं."

पुढच्या मोसमात तो दिसला. समोरून येत होता. मी वाकून बुटाची नाडी बांधत बसलो, तो निघून जाईपर्यंत.

"भेटला," मी खांबेट्यांना सांगितलं. "सॉरी म्हटलं तुमच्या वतीनं. हसला. म्हणाला, नेव्हर माइंड, अंकल."

खांबेट्यांनी कॉफीची पिशवी माझ्या हातात दिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं, कर्णिक. तुम्ही होतात म्हणून."