हमीदभाईंचे वायफाय अडॅप्टर

करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी चहाचं गाळणं जागेवर नसतं. ते हमीदभाईंच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगलेलं असतं आणि त्यात त्यांच्या कॉम्प्युटरचा वायफाय अडॅप्टर बसवलेला असतो. स्टीलच्या गाळण्यात ठेवला की रेंज वाढते, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. सांगणारा कोण ते कळलं तर मला त्याला आमचा चहा पाजायचा आहे. आम्ही तिघे रूममेट तो पत्तीसकट पितो.

हमीदभाई रत्नागिरीकडचे, शारजाला एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर. एरवी देवमाणूस, पण अडॅप्टरच्या बाबतीत हाताबाहेर गेलेली केस. महिन्या-दोन महिन्याला नवा आणतात. "ये पक्का चलेगा, इन्शाल्ला!" रविवार उलटला की, "खलास, हापण गेला." गेलेले सगळे ते मला देतात. माझ्या लॅपटॉपवर ते सगळे झकास चालतात.

रविवारी त्यांचा पुण्याला मुलाला व्हिडिओ कॉल असतो. फैजान दहावीपर्यंत इथेच शिकला. मग घरभाडं झेपेना, तेव्हा आईबरोबर गेला. कॉलच्या आधी हमीदभाई दाढी करतात, लुंगीवर इस्त्रीचा शर्ट चढवतात आणि फर्मानं सोडतात. मोबाइलचं वायफाय बंद, मायक्रोवेव्ह बंद, दारात कुणी उभं राहायचं नाही. "यल्ला, बाजूला हो रे, सिग्नल अडवतोस!"

गेल्या रविवारी दोरी तुटली, म्हणून गाळणं धरून मी उभा होतो. फैजानचा चेहरा लख्ख दिसत होता. त्याच्या घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली.

"बेटा, पेपर कसे गेले?"

"फाइन."

"सुट्टीत इकडे ये ना. तिकीट काढू?"

"अब्बा, युअर व्हॉइस इज ब्रेकिंग. कान्ट हिअर यू. बाय."

"तिकीट, बेटा! तिकीट!" हमीदभाई ओरडत राहिले. कॉल कधीच बंद झाला होता.

"बघितलंस?" ते माझ्याकडे वळले. "हापण गेला."

मला भयंकर राग आला. पोराचा आला की यांचा, तेच कळेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना मी नेटची लांब वायर घेऊन आलो.

"हमीदभाई, राऊटरपासून सरळ कॉम्प्युटरला लावू. अडॅप्टरची कटकटच नको. आवाज तुटायचा प्रश्नच येणार नाही."

त्यांनी वायर सोडवून पाहिली. मग पुन्हा नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"नको रे," ते म्हणाले. "ही लावली आणि तरीपण तो म्हणाला, आवाज तुटतोय... तर मी काय करू?"

वायर परत करायला आम्ही दोघं दुकानात गेलो आणि तीन अँटेनांचा अडॅप्टर घेऊन आलो.