साळवे सरांच्या फजित्या

आमचे साळवे सर रोज कुठं ना कुठं आपटायचे. निदान सांगायचे तरी तसं. लासूर स्टेशनहून रेल्वेनं शहरातल्या शहागंजजवळच्या आमच्या शाळेत यायचे आणि खडू हातात घेण्याआधी आदल्या दिवशीची फजिती ऐकवायचे.

“काल रिक्षावाल्यानं कचकन ब्रेक मारला. रिक्षा थांबली, मी नाय थांबलो! थेट त्याच्या पाठीवर. तो म्हणतो, ‘मास्टर, आगे बैठना था तो पहले बोलना था ना!’”

वर्ग खिदळायचा. सर कमरेवर हात ठेवून वाट बघायचे. मग ठरलेला सवाल: “हसलात ना? मंग सांगा, मी का नाय थांबलो?” इथून जडत्वाचा धडा सुरू व्हायचा. सरांच्या तासाला फुकटचं हसू चालत नसे.

घर्षणाच्या धड्याला ते ओल्या फलाटावर घसरले. स्थिर विजेच्या धड्याला अंगातला स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडाल्या म्हणून ओरडत अंगणात पळाले. मुख्याध्यापक दारातून डोकावून कपाळाला हात लावायचे. इतक्या वेंधळ्या माणसाच्या ताब्यात प्रयोगशाळा कुणी दिली, असं मलाही वाटायचं.

मी आठवीत देवगाव रंगारीहून या शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात सरांनी बर्फाच्या पाण्यानं भरलेला तांब्या टेबलावर ठेवला. बाहेरून थेंब जमले. “हे पाणी कुठून आलं?” मी उत्साहानं उठले. “सर, तांब्या गळायलाय!”

अख्खा वर्ग लोळून हसला. सुट्टीत मुली मला ‘गळका तांब्या’ म्हणायला लागल्या. घरी येऊन मी दप्तर कोपऱ्यात फेकलं. “मला नाय जायचं त्या शाळंत. गावाकडं नेऊन सोडा.” आई काकुळतीला आली, पण मी हटून बसले. शेवटी एक दिवस, फक्त एकच दिवस, जाऊन बघायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सर आले ते कपाळ पुसत. “पोरांनो, लई फजिती झाली. सकाळी घरचा गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला दिसला. पुसला, परत ओला. म्हटलं, गळतोय. उचलला, नेला शहागंजात भांडी दुरुस्त करणाऱ्या चाचाकडं. म्हटलं, चाचा, डाख मारून द्या. चाचानं उलटासुलटा बघितला. म्हणे, ‘मास्टर, इसमें सुराख नहीं है. घर जाके आराम करो.’”

वर्ग पोट धरून हसला. “हसलात ना? मंग सांगा, पाणी आलं कुठून?” काल मला हसलेल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं! सर माझ्याकडं वळले. “आतून नाय, तर मंग?”

“भायेरून? हवेतून, सर?”

“व्हय! हवेतली वाफ गार पडली.” त्यानंतर मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. हसायला त्यांना सर मिळाले होते.

आज मीही विज्ञान शिकवते. मागच्या महिन्यात निवृत्त सरांना भेटायला लासूरला गेले. चहा देणाऱ्या काकूंना सहज विचारलं, “सर घरीही असेच धडपडतात का?”

“हे?” काकू चकित झाल्या. “उभ्या जन्मात यांच्या हातून कपबशी फुटली नाय.”

मी सरांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“माझी ताई अन् मी एकाच वर्गात होतो,” ते हळू आवाजात म्हणाले. “तिचं एक उत्तर चुकलं. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळंत आलीच नाय, आईसंगं कामाला जायला लागली. वर्गात पोरं कुणाला तरी हसणारच. म्हटलं, मास्तरालाच हसू द्या.” कप खाली ठेवत ते म्हणाले, “त्या दिवशी मीबी हसलो होतो.”

माझे डोळे भरून आले. “सर, मी शाळेत राहिले ती तुमच्यामुळं. तुम्ही तांब्याची फजिती सांगितली, त्या दिवशी मी शेवटचंच म्हणून आले होते.”

सरांनी खिडकीबाहेरची नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, “उद्या ताईकडं जायचंय. तिला सांगतो.”