केसोपंत अस्वलाचा ई-मेल प्रोग्राम

एका जंगलात, मुलांनो, घरोघरी कॉम्प्युटर आले होते. गुहेत, बिळात, ढोलीत, जिथं टेकायला जागा तिथं कॉम्प्युटर. कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. शेजाऱ्याकडे आला की आपल्याकडेही यायचाच.

त्या जंगलात केसोपंत नावाचे एक अस्वल राहत होते. अंगानं थोराड आणि स्वभावानं चोखंदळ. मध काढायला निघाले की सात पोळी हुंगायचे आणि शेवटी पहिल्यापाशीच परत यायचे. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई समोर दिसेल ते पोळं उतरवायच्या. त्यामुळं संसार बरा चालला होता.

केसोपंतांच्या कॉम्प्युटरवर पत्रं पाठवायचा एक प्रोग्राम आयताच आला होता. त्याचं नाव ‘कबूतर’. एका बाजूला पत्ते, दुसऱ्या बाजूला पत्र, खाली ‘पाठवा’चं बटण. बस, एवढंच.

या कबुतरात पहिलंच पत्र आलं ते दामूअण्णांचं.

दामूअण्णा म्हणजे केसोपंतांचे धाकटे भाऊ. घाटापलीकडच्या रानात राहायचे. सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. केसोपंतांच्या नातवाच्या बारशाला दामूअण्णा सगळ्यांदेखत म्हणाले होते, की पोराचं नाक आजोबांवर न जाता आपल्यावर गेलंय हे बरं झालं. अस्वलांत नाकाला फार मान असतो. केसोपंत जेवणावरून उठले होते.

पत्रात दामूअण्णांनी लिहिलं होतं, की आपण म्हातारे झालो, आता दक्षिणेच्या रानात मुलीकडे कायमचे चाललो आहोत. पौर्णिमेच्या सुमारास उंबराच्या झऱ्यावरून जाणार. ‘ये’ म्हणालास तर दोन दिवस उतरीन. उत्तर आलं नाही तर सरळ पुढं जाईन. राग धरणार नाही.

केसोपंतांनी ते पत्र चार वेळा वाचलं. मग घसा खाकरून ते सुभद्राबाईंना म्हणाले, की सात वर्षांनी लिहायचं उत्तर असल्या पोरकट प्रोग्रामवरून धाडणं शोभत नाही. यात पत्त्यापुढं वाढदिवस लिहायलासुद्धा जागा नाही. आधी नीट प्रोग्राम निवडू, मग लिहू.

पौर्णिमेला तेव्हा सव्वीस दिवस होते.

मुलांनो, लहानांना भीती वाटली की ती रडतात. मोठ्यांना भीती वाटली की ते तुलना करायला बसतात. केसोपंतांनी सागाची मोठाली पानं आणली आणि कोळशानं रकाने आखले. पत्ते किती मावतात. गट पाडता येतात का. नावं आडनावानं लागतात की बिळानं. अक्षराचा रंग बदलतो का. चौदा रकाने झाले. पंधरावा सुचला तेव्हा पान संपलं, म्हणून त्यांनी दुसरं पान घेतलं आणि पहिल्यापासून आखलं.

सुभद्राबाई एकदा सहज म्हणाल्या, की पत्र आलंय त्याच वाटेनं उत्तर जाईल ना. केसोपंतांनी त्यांना समजावलं, की हा तांत्रिक विषय आहे.

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी मर्कटे नावाचं माकड आलं. मर्कट्यांना जंगलात जाणकार मानत, कारण त्यांच्याकडे कुठलाच प्रोग्राम आठवड्यापेक्षा जास्त टिकत नसे. त्यांनी ‘पत्रशार्दूल’ सुचवला. त्याला पत्ते लिहून द्यावे लागत नाहीत, जुनी वही दाखवली की तो स्वतःच सगळं उतरवून घेतो, असं मर्कटे म्हणाले. केसोपंतांना हे पटलं. त्यांनी पत्रशार्दूलला आपली पत्त्यांची वही दाखवली.

आता त्या वहीत नुसते पत्ते नव्हते. केसोपंतांना नावांपुढं खुणेसाठी काहीबाही लिहायची सवय होती. पत्रशार्दूलनं तेही इमानानं उतरवलं. एवढंच नव्हे, तर त्यानं प्रत्येकाला आपण होऊन एकेक कार्ड पाठवलं : ‘आपली नोंद अशी आहे. बरोबर आहे का?’

रानडुकराला कार्ड गेलं, ‘याच्या घरी जेवू नये.’ भेकराला गेलं, ‘सांगेल त्यातलं निम्मं खरं.’ गव्याला गेलं, ‘आला की लवकर उठत नाही.’

रानडुकरानं उलट कळवलं, की नोंद बरोबर आहे, बायकोलाही दाखवली. भेकरानं निम्मी बरोबर असल्याचं कळवलं. गवा जाब विचारायला स्वतः आला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही.

केसोपंतांना हे सगळं सोसलं असतं. पण गवा गेल्यावर त्यांनी वहीतलं ‘द’चं पान उघडलं. तिथं सात वर्षांपूर्वीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘दामू. याच्याशी बोलणे नाही.’

त्या दिवशी केसोपंत जेवले नाहीत. गुहेच्या तोंडाशी बसून राहिले. सुभद्राबाई जवळ येऊन बसल्या तेव्हा ते म्हणाले, “त्याला ते कार्ड गेलं असेल.”

“मग आता तरी लिहा ना त्याला.”

“काय लिहू?” केसोपंत म्हणाले. आणि लगेच सावरून त्यांनी सांगितलं, की झाली ती चूक घाईमुळं झाली. पत्रशार्दूल घाईनं घेतला. आता पुन्हा सुरुवातीपासून, नीट निवडायला हवा.

दुसऱ्या दिवशी ते पानांची गुंडाळी काखेत मारून नदीपलीकडे कूर्मे गुरुजींकडे गेले. कूर्मे गुरुजी म्हणजे जंगलातलं सर्वांत जुनं कासव. कुठलाही प्रोग्राम शंभर वर्षं वापरून पाहिल्याशिवाय त्याविषयी बोलू नये, असं त्यांचं मत होतं. केसोपंतांना हे मत फार आवडलं. ते तिथं तीन दिवस राहिले.

इकडे सुभद्राबाईंनी हात पुसले आणि कॉम्प्युटर सुरू केला. कबूतर उघडलं. दामूअण्णांचं पत्र वरच होतं. त्याखाली ‘उत्तर द्या’ असं लिहिलेलं होतं. पत्ता शोधावा लागला नाही. त्यांनी एका बोटानं अक्षरं वेचली आणि लिहिलं :

‘ये. वाट पाहतो. दादा.’

बटण दाबलं आणि त्या मोहाची फुलं वाळत घालायला गेल्या. नवरा परत आल्यावर त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांना कोणी विचारलंही नाही.

केसोपंत येताना एकविसावा रकाना घेऊन आले होते.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी गुहेसमोर पालापाचोळा वाजला. केसोपंतांनी मान वर केली. समोर दामूअण्णा उभे होते. नाकाभोवतीचे केस पांढरे झाले होते, पाठीवर बोचकं होतं. मग दामूअण्णांनी बोचकं खाली ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. केसोपंतांनी त्यांना उठवलं, आणि धरलेला खांदा सोडायचा हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

जेवताना दामूअण्णा म्हणाले, “दादा, मधे तुझं एक कार्ड आलं. बोलणे नाही म्हणून. बरोबर आहे का, असं विचारलं होतंस. मी ‘नाही’वर खूण केली, पण म्हटलं, संपलं आता. सरळ पुढं निघायचं. मग तुझं हे पत्र आलं. तीन शब्द. पण मी ते वाटभर म्हणत आलो.”

केसोपंतांचा घास हातातच राहिला. त्यांनी सुभद्राबाईंकडे पाहिलं. सुभद्राबाई चुलीत काहीतरी निरखून पाहत होत्या.

केसोपंतांचे डोळे भरून आले. पण ते अस्वल होते, आणि त्यातही थोरले.

“हो,” ते म्हणाले. “फार विचार करून लिहिलं.”

“ते कळतंच,” दामूअण्णा म्हणाले. “कोणत्या प्रोग्रामवरून पाठवलंस? मलाही घ्यायचाय.”

केसोपंतांनी पानांची गुंडाळी जवळ ओढली.

“ते अजून ठरायचंय,” ते म्हणाले, आणि त्यांनी सागाची पानं भावापुढं पसरली. दोघे भाऊ पुढचे दोन दिवस त्यावरच बोलत होते. नाकाचा विषय निघाला नाही.

तात्पर्य : महत्त्वाचा निर्णय कधीही घाईनं घेऊ नये. आपण पुरेसा वेळ लावला, तर घरातलं कोणीतरी काम उरकून मोकळं होतं आणि विचारी म्हणून नाव आपलं होतं.