रक्ताने केलेली चहाडी

"केसांसाठी कसल्या गोळ्या घेता का?" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर न काढता विचारलं.

"कोण, मी?" थोरलीने पदर असा झटकला की टेबलावरचे दोन कागद उडाले. "मला काय गरज? माझे केस जन्माचेच दाट आहेत. विचारा कुणालाही."

कुणालाही म्हणजे खोलीत होते त्या तिघांना. नवरा, मुलगा आणि धाकटी जाऊ. धाकटी सोबतीला म्हणून आली होती, म्हणजे काय निघतंय ते सगळ्यांच्या आधी कळावं म्हणून. वर्षापूर्वी याच धाकटीने चारचौघांत थोरलीची वेणी हातात धरून म्हटलं होतं, "अगंबाई ताई, ही वेणी आहे की बुटाची नाडी?" त्यानंतर आठवड्याच्या आत शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या मागे, एक बाटली येऊन बसली. बाटलीवरच्या बाईचे केस असे, की त्यांनी बंद पडलेली मोटार ओढून नेता आली असती. वेणीनेही हळूहळू बाळसं धरलं. कुणी विचारलं की थोरली सांगे, "मी काही लावत नाही, काही खात नाही. आमच्या माहेरच्या रक्तातच आहे."

"विचारलं एवढ्यासाठी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "की केसांच्या त्या जीवनसत्त्वाने थायरॉइडची तपासणी फसते. अंगात असतं एक आणि मशीन दाखवतं भलतंच. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवावं लागतं. पण तुम्ही घेत नाही म्हणता."

थोरलीचा हात वेणीवर गेला. धाकटी तिच्या वेणीकडे टक लावून बघत होती.

"नाही म्हणजे नाही."

"मग याचा अर्थ एकच. थायरॉइडची गोळी अंगात जास्त जातेय. बहुतेक दुप्पट. सकाळची गोळी तुम्हाला देतं कोण?"

तीन माना एकदम नवऱ्याकडे वळल्या.

नवरा घड्याळजी. आयुष्य दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. हाताने सरळ, जिभेने गरीब. घरात त्याच्या शब्दाला मान होता तो बायकोच्या औषधाच्या एका बाबतीत. थोरलीच्या अंगातले शिपाई तिच्याच गळ्यातल्या ग्रंथीला शत्रू समजून झोडपतात, असं डॉक्टरीणबाईंनी आजार निघाला तेव्हा समजावलं होतं. थोरली त्यावर म्हणाली होती, "त्यात नवल काय, माझ्या घरात तेच चालतं." पण घड्याळजीने ते मनावर घेतलं. पहाटे उठून थायरॉइडची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. मग तासभर चहा नाही, चहाचा वासही नाही. लोहाची गोळी दुपारी, कॅल्शियमची रात्री, कारण त्या जवळ आल्या की सकाळच्या गोळीला आत शिरू देत नाहीत. बाकी सगळ्या बाबतींत थोरली त्याला जागच्या जागी फिरवायची, पण त्या तासाभरात ती चहावाचून गुमान बसायची. दुकानातली एकूण एक घड्याळं तिच्यावर पहारा ठेवून असत.

"मी दोनदा देईन?" घड्याळजी म्हणाला. "मी?"

"बाबा, वय झालंय," मुलगा मायेने म्हणाला. हा चिरंजीव एका गाद्यांच्या कंपनीत मॅनेजर होता आणि घरीही मॅनेजरच होता. "उद्यापासून औषध तुमची सून बघेल."

"घाई नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही बदलण्याआधी रक्त पुन्हा बघू. उद्या सकाळी या."

उद्या सकाळी! थोरलीने त्याच दिवशी जेवणाबरोबर केसांची गोळी गिळलेली. अजून दोन दिवस तरी मधे जायला हवे होते. तिने मनाशी ठरवलं. गोळ्या बंद करायच्या, तपासणी थोडी लांबवायची, रिपोर्ट सरळ येईल, नवरा सुटेल आणि वेणीचीही लाज राहील. कुणाला काही सांगायचं कारण काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या स्कूटरची किल्ली गायब. थोरलीने ती उठल्या उठल्या लांबवली होती. सुनेच्या पायांची चाहूल लागली तेव्हा हाताला आला त्या डब्यात टाकून मोकळी झाली. किल्लीपायी घर उलटंपालटं झालं, मुलगा कामावर उशिरा गेला, तपासणी राहिली. संध्याकाळी किल्ली सापडली. घड्याळजीच्या हत्यारांच्या डब्यात, चिमट्याशेजारी.

"बाबा," मुलगा आता मायेने बोलत नव्हता, "ही इथे कशी आली?"

घड्याळजी किल्लीकडे बघत राहिला. "मी... मी ठेवली असेन का रे?"

थोरलीने पसरलेले डबे आवरायला घेतले.

त्यानंतरच्या दिवशी मुलगा पहाटेच तयार होऊन दारात उभा. थोरलीला पटकन दुसरं काही सुचेना. "आज लॅब बंद आहे," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"हे म्हणाले. काल चौकशी करून आले ना."

"मी म्हणालो?" घड्याळजी आतून बाहेर आला.

"म्हणालात की! इथे उभे राहून म्हणालात."

"असेल," घड्याळजी हळूच म्हणाला. "म्हणालो असेन."

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघू लागली. बघणं कसलं, ते निकालपत्रच होतं.

इकडे औषधाचा कारभार सुनेच्या हाती गेला होता. ती कामाला वाघ, पण तिला वेळ कधीच पुरत नसे. तिने सगळ्या गोळ्या एका वाटीत घातल्या आणि चहाच्या कपाबरोबर थोरलीसमोर आणून आपटल्या. "घ्या आई, एकदाच उरका. दिवसभर कोण मागे लागणार?"

"अगं, एकदाच कशी घेऊ? कॅल्शियम मधे आलं की सकाळच्या गोळीला दारातच अडवतं. आणि हा चहा कशाला आणलास?"

"आतमध्ये जाऊन सगळं एकच होतं, आई."

"मग भाजी, कपडे आणि साबण एकाच बादलीत घाल. घरात येऊन सगळं एकच होतं."

थोरलीने सकाळची तेवढी गोळी पाण्याबरोबर घेतली, बाकीच्या पदराला बांधल्या आणि चहा मोरीत ओतला. चहा मोरीत ओतायची वेळ तिच्यावर जन्मात आली नव्हती. तो पांढरा फेस जाळीवरून खाली जाताना तिला अगदी भरून आलं.

दुपारी ती दुकानात डोकावली. घड्याळजीच्या समोर एक उघडं घड्याळ पडलं होतं आणि भिंग कपाळावर चढवलेलं होतं. हात मात्र मांडीवर.

"काम नाही का आज?"

"एक गिऱ्हाईक आलं होतं. परत पाठवलं. म्हटलं, माझ्याकडे नका देऊ. मी एक चाक दोनदा बसवेन, नाहीतर एक विसरेन." त्याने भिंग काढून पुसलं. "अगं, मी तुला खरंच दोन-दोन गोळ्या देत होतो का गं? मला आठवत कसं नाही? तुला काही झालं असतं म्हणजे?"

"मला काय होतंय? चार माणसांना पुरून उरेन मी."

"किल्लीचं आठवत नाही. लॅबचं आठवत नाही. पुढे काय काय विसरेन, कुणास ठाऊक."

थोरली दारातच उभी राहिली. आत्ता सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं. पण हा सांगणार मुलाला, मुलगा सुनेला, आणि सुनेचा फोन धाकटीला जायला भांडं विसळण्याएवढाही वेळ लागायचा नाही. 'एकच दिवस,' तिने स्वतःला बजावलं. 'रिपोर्ट सरळ आला की आपोआप सगळं मिटेल.'

पुढच्या सकाळी रक्त दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला थोरली हट्टाने सगळ्यांना घेऊन गेली. नवऱ्याची सुटका सगळ्यांदेखत व्हायला हवी होती. लॅबच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या भरलेल्या, आणि त्यातल्या एकीवर धाकटी. तिला आजार कसलाच नव्हता. पण थोरलीच्या रक्ताची एवढी तपासणी होते म्हटल्यावर आपल्या रक्तात काय कमी आहे, असं तिला वाटलं होतं.

खिडकीतल्या मुलीने रिपोर्ट दिला. मुलाने वाचला. "सगळं अगदी बरोबर आहे!"

"बघा!" थोरली छाती फुगवून म्हणाली. "मी म्हणत नव्हते?"

"मी पण तेच म्हणत होतो," मुलगा म्हणाला. "औषध बाबांच्या हातून काढलं आणि लगेच रिपोर्ट सरळ! आणखी काय पुरावा पाहिजे?"

थोरलीची छाती फुगली होती तशीच खाली बसली. ही बाजू तिच्या ध्यानातच आली नव्हती. तिने दोरी सोडवायला घेतली होती आणि नवऱ्याच्याच गळ्यात गाठ मारून ठेवली होती.

"वाईट वाटतं हो," धाकटी खुर्चीवरून म्हणाली. "भावोजी एवढे हुशार होते."

"होते?" थोरली गरजली.

"उद्या बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतो," मुलगा फोन काढत म्हणाला. "आणि दुकान तूर्त बंद. लोकांची महागाची घड्याळं असतात."

घड्याळजीने वाद घातला नाही. कमरेच्या जुडग्यातून दुकानाची किल्ली सोडवली. कडी एका फटक्यात उघडली. त्याने किल्ली मुलापुढे धरली.

"खबरदार घेशील तर!" थोरलीचा आवाज असा चढला की आत रक्त देणाऱ्याने हात काढून घेतला. "तुझ्या बापाचं डोकं तुझ्यासारख्या चार मॅनेजरांना भारी आहे. मी घेते केसांच्या गोळ्या! वर्ष झालं! शिवणयंत्राच्या खणात आहेत, जाऊन बघ. स्कूटरची किल्ली मी लपवली. लॅबचं मी बनवून सांगितलं. रिपोर्ट सरळ आला तो मी त्या गोळ्या बंद केल्या म्हणून, तुझ्या बायकोच्या वाटीमुळे नाही. तिच्या वाटीवर राहिले असते तर आज मला उचलून आणावं लागलं असतं!"

घड्याळजीने किल्ली हळूच पुन्हा जुडग्यात अडकवली. आता हा ओरडणार, म्हणून थोरलीने मान ताठ केली. त्याच्या कपाळावर आठ्या होत्याच.

"त्या गोळ्या तू कधी घेतेस?"

"दुपारी. जेवणाबरोबर."

"मग ठीक आहे," त्याने सुस्कारा सोडला. "सकाळची गोळी वेगळी राहिली म्हणायची."

थोरलीने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

खिडकीतली मुलगी बाहेर आली. "ऐका हो सगळ्यांनी! आणखी कुणी केसांच्या गोळ्या घेत असेल तर आत्ताच सांगा. काही तपासण्या चुकतात त्याने. पैसे फुकट जातील."

मग कोपऱ्यातल्या एका बाईंना गॅस चालू राहिल्याची आठवण झाली. त्यांच्या शेजारणीला त्यांच्याबरोबर जाणं भाग पडलं. टोपीवाल्या एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, च्‌च्‌ केलं आणि तेही निघाले. बघता बघता निम्म्या खुर्च्या मोकळ्या झाल्या.

"पुढचा नंबर!" मुलीने धाकटीकडे बोट केलं.

धाकटी हलेना. तिची जाड, काळीभोर वेणी खांद्यावरून पुढे आली होती. ती तिने दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

"ऊठ की," थोरली म्हणाली. "बाही वर कर."

"ताई, मी आज... खाऊन आलेय."

"चालतं. विचारलंय मी."

धाकटी उठली. दरवाजाकडे दोन पावलं गेली, थांबली, परत फिरली आणि थोरलीच्या कानाशी वाकली.

"तुमच्या कुठल्या कंपनीच्या हो, ताई?"

थोरलीने जावेला डोक्यापासून वेणीच्या शेंड्यापर्यंत न्याहाळलं.

"आधी तुझ्या सांग," ती म्हणाली.