माहेराला जाणारी मोटार

आमचे अण्णा मोटारीखालची ओल बोटानं चाखून बघत. सकाळी तोंड धुवायच्या आधी हा माणूस गाडीखाली आडवा व्हायचा, जमिनीवरच्या डागाला बोट लावून जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "तेल न्हाई. पेट्रोल न्हाई. पाणीच हाय. गंजकट लागतंय." एकदा अंदाज चुकला. त्या दिवशी ते दुपारपर्यंत चुळा भरत होते, आणि आळीतल्या कुत्र्यावर त्यांनी जो राग धरला तो कायमचा.

अण्णा म्हणजे माझे धाकटे चुलते. भोरात मोटार दिसली की बाया पोरांना आत ओढायच्या, त्या काळात त्यांनी पुण्याहून कुणीतरी वापरून टाकलेली गाडी आणली. गाडीला ते 'बाई' म्हणत. बाईला ताप चढलाय, बाई आज बोलत न्हाई, असं दिवसभर चालायचं. घरात खरी बाई होती ती काकी, आणि तिच्याशी ते सहसा बोलत नसत. भांडण नव्हतं. पाणी दे, जेवायला वाढ, यापलीकडं बायकोशी बोलायला त्यांना विषयच सुचत नसे.

त्या वैशाखात काकी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी औषध बदलायचंही सोडून दिलं होतं. तिचं मागणं एकच. तिचं माहेरचं गाव भाटघरच्या धरणात गेलेलं. घरं, चिंचा, पाणवठा, सगळं. पण वैशाखात पाणी ओसरलं की गावदेवीचं देऊळ काही दिवस वर येई, आणि काकी दरसाल बैलगाडीनं जाऊन देवीची ओटी भरून येई. आता बैलगाडीचे हादरे तिला सोसणार नव्हते. न्यायची तर मोटारीनं, आणि पाऊस लागून देऊळ पुन्हा बुडायच्या आत. नेमकी तेव्हाच मोटार पाणी गाळत होती. वेशीपर्यंत गेली की वाफा.

गळती काही दिसेना. गाडी थंड असली की थेंब नाही. तापली की पाणी कुठून तरी जाई. शेवटी अण्णांनी स्वयंपाकघरातून मूठभर हळद आणून रेडिएटरात ओतली. जिथून गळेल तिथं पिवळं दिसेल. कल्पना चांगली होती. मी संस्थानच्या कचेरीत कारकून, पांढरा कोट घालून निघालेलो. मला त्यांनी इंजिनावर वाकून बघायला सांगितलं आणि गाडी सुरू केली. पुढं पंखा असतो हे मला माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं, पण लक्षात नव्हतं. इंजिन, भिंत आणि मी, तिघांनाही एकदम हळद लागली. कचेरीत मला मुहूर्त विचारण्यात आला. काकी मात्र माझ्याकडं बघून कित्येक दिवसांनी हसली. हसताना तिला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी पंख्याचा पट्टा काढून अण्णांनी इंजिन तापवलं. तेव्हा सापडलं. रेडिएटरातून इंजिनात जाणाऱ्या रबरी नळीला, ती आवळून धरणाऱ्या पट्टीच्या अगदी कडेला, केसाएवढी चीर होती. तापली की उघडायची, निवली की मिटायची. अण्णांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यावर ताणून गुंडाळली, तारेनं आवळली, गाडी पुन्हा तापवली आणि खाली आडवे झाले. जमीन कोरडी. उद्या निघायचं, एवढंच ते म्हणाले, तेही काकीकडं न बघता.

काकीला मागं गाद्यांवर निजवलं. मला घेतलं ते ढकलायला. माझ्या वजनानं चढावर गाडी आणखी दमेल, हे कुणी बोललं नाही. अण्णा दर वळणाला उतरून गाडीखाली हात फिरवत आणि रेडिएटर काठोकाठ भरत; वरचं पाणी तापून सांडून जाई. या काळजीपायी बरोबरचे पाण्याचे डबे रिकामे झाले, आणि धरणाकाठच्या चढावर गाडी उकळली. ट्यूब टिकली होती. पाणीच नव्हतं. आणि खाली, हाकेच्या अंतरावर, धरण पसरलेलं.

मी डबा घेऊन निघालो तर अण्णा आडवे आले. "ह्या पाण्यानं हिचं माहेर गिळलं," ते म्हणाले. "त्येच पाणी घालून हिला माहेरला न्यू व्हय?"

मी समजावून पाहिलं. ते ढिम्म. मग मागून काकीचा आवाज आला, इतका बारीक की आम्ही दोघंही जवळ गेलो.

"घाला की. माझ्या बाच्या अंगणातलं पाणी हाय त्ये. परकं न्हाई."

अण्णांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि स्वतः उतरून गेले. गुडघाभर पाण्यात ते बराच वेळ नुसते उभे होते.

देऊळ वर आलं होतं, पण भोवती चिखल. काकीला खाली नेता येईना. तिनं गाडीतूनच हात जोडले. ओटी राहिली, खण-नारळ तसाच परत आला. पावसाळा सरायच्या आत काकी गेली.

पुढच्या वैशाखात अण्णांनी गाडी काढली. कुठं, हे मी विचारलं नाही. शेजारी जाऊन बसलो. त्या साली चिखल वाळून भेगाळला होता. खण-नारळ फडक्यात धरून अण्णा देवळाच्या दारात उभे राहिले आणि तिथंच अडले. ओटी भरायची ती सवाष्णीनं. शेरडं पाण्यावर घेऊन एक धनगराची बाई आली होती. अण्णा मान खाली घालून तिच्याकडं गेले.

"बाई, येवढी ओटी भरा देवीची. आमच्या मंडळींची ऱ्हायलीया."

बाईनं हात पदराला पुसले, खण-नारळ घेतला. "कुणाच्या नावानं भरू?"

अण्णांच्या तोंडून काकीचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"आमच्याकडं पार्वती म्हणत्यात," ते म्हणाले. "पर तुमी सरू म्हणा. हितल्या देवीला ती सरू म्हणूनच ठावी हाय."